आईचे आयुष्य लिहून ठेवायचे आहे : श्रद्धा, संसार आणि सेवा यांविषयी नेमके काय विचारावे?

शुक्रवारी तलाव (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आईचे आयुष्य तिच्या हयातीतच लिहून काढावे, अशी आम्हा भावंडांची पुष्कळ दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आईचा जन्म १९४२ साली नागपूरच्या इंदोरा वस्तीत झाला. १९५६ च्या दसऱ्याला आमच्या आबाजींनी सगळ्या कुटुंबासह बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती प्रसूती विभागात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम करत राहिली. वडील एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडल्यावर आईच्या एकटीच्या पगारावर घर चालले आणि आमची शिक्षणेही त्याच पगारातून झाली. वडील आता नाहीत.

अडचण अशी आहे की, आईजवळ वही घेऊन बसले की ती दोन वाक्यांत विषय संपवते. ‘माह्या जिंदगीत लिहाले हायेच काय? नवकरी केली, लेकरं मोठी केली,’ एवढेच तिचे उत्तर असते. श्रद्धेबद्दल विचारले तर ‘वंदना करतो ना आपण रोज’ असे म्हणून ती उठते. मला मात्र तिची श्रद्धा इतकी सरळ वाटत नाही. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत आणि स्वतःच्या घरात ती त्या कसोशीने पाळते. परंतु ताजबागेच्या दर्ग्यातून शेजारच्या खालाने आणलेली शिरनी, म्हणजे प्रसाद, तिने कधी नाकारली नाही, आणि वॉर्डातील एखादी बाळंतीण पाचवीच्या पूजेसाठी हळदकुंकू मागू लागली, तर ते ती स्वतः कोणाकडून तरी आणवून देत असे. हे सगळे एकत्र कसे लिहावे, ते मला उमगत नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत. दीक्षेच्या प्रसंगाविषयी आई आणि मावशी यांच्या आठवणी जुळत नाहीत. आई म्हणते की आपण दसऱ्याच्या सकाळी मैदानावर होतो. मावशी म्हणते की तो दुसरा दिवस होता. शिवाय एका मामांच्या व्यसनामुळे आमच्या घराने बरेच सोसले आहे. ते लिहावे की वगळावे, याविषयी भावंडांत एकमत नाही. ज्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे असे लेखन केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त परिचारिका, धंतोली

ताई, मी आपल्या आईच्याच व्यवसायातली आहे, म्हणून सर्वांत आधी लिहिते. ‘तुझी श्रद्धा कोणती’ किंवा ‘सेवेचा अर्थ काय’ असे विचारल्यास आमच्या पिढीची कोणतीही परिचारिका गप्पच बसेल, कारण त्या प्रश्नाला द्यायचे उत्तर आम्ही कधी शब्दांत मांडलेलेच नाही. त्याऐवजी कामाचे विचारा. काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायला किती वेळ ठेवत असत, सुई बोथट झाली की काय करत, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकताना लेबर रूममधला गोंगाट कसा थांबवत, बाळंतपणानंतर वार (नाळेचा भाग) लवकर पडली नाही तर डॉक्टर येईपर्यंत हातांनी काय करत, जन्मतःच न रडलेल्या बाळाला कसे रडवत, हे विचारा. आज यांतल्या अनेक गोष्टींना यंत्रे आणि एकदा वापरून टाकायची साधने आहेत. तेव्हा सगळी भिस्त हातांवर, कानांवर आणि उकळत्या पाण्यावर होती. मेलेले मूल जन्मले, तर ते आईला कोण सांगत असे आणि कोणत्या शब्दांत सांगत असे, हेही विचारा. हा शेवटचा प्रश्न मात्र घाईने विचारू नका. त्याचे उत्तर देताना त्या थांबल्या, तर आपणही थांबा.

दुसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या आईची नाइट आणि वडिलांची रातपाळी एकाच आठवड्यात आली, की आपण भावंडे कोणाकडे झोपत होतात? नोकरी करणाऱ्या परिचारिकेचा संसार कोणीतरी दुसऱ्याने सांभाळलेला असतो. ती व्यक्ती सासू असेल, शेजारीण असेल, मोठी मुलगी असेल. तिचा उल्लेख लेखनात आला नाही, तर आपल्या आईच्या सेवेची कथा अर्धीच राहील.

आपल्या नागपुरात या कामाला मोठी परंपरा आहे. बालपणी वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली येथे मातृसेवा संघाची स्थापना केली. ज्या काळात बाळंतीण घरातल्या अंधाऱ्या खोलीत राही आणि सुईणकाम हलके मानले जाई, त्या काळात शिकलेल्या स्त्रीने हे काम आपले म्हणून स्वीकारणे सोपे नव्हते. कमलाताईंवर लिहिले गेले आहे. परंतु त्यानंतरच्या काळात या शहरातील दवाखान्यांत रात्ररात्र उभ्या राहिलेल्या शेकडो जणींवर कोणी लिहिलेले नाही. म्हणून आपण हे करत आहात याचा मला मनापासून आनंद आहे.

एक विनंती आहे. रुग्ण स्त्रियांची नावे, वस्ती, जात किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील लिहू नका. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली, पाठोपाठ मुली झाल्या म्हणून टाकलेल्या सुना, असे पुष्कळ आमच्यासमोर आले आणि ते आमच्याजवळच राहिले. आपल्या आईने आजवर घरातसुद्धा त्यांविषयी काही सांगितले नसेल, तर ते मौन तिच्या सेवेतच मोडते.

खंजिरी

माझ्या वडिलांचे चरित्र मी त्यांच्या शेवटच्या काळात लिहिले, म्हणून अनुभवाने सांगतो. वडील रेल्वेत खलाशी (मदतनीस कामगार) होते आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे साधे सेवक होते. कोणत्याही पदावर ते कधी नव्हते. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी बहुधा कधी चुकवली नाही. पण महाराजांच्या विचारांविषयी बोला म्हटले, तर ‘ते भाषणं करणाऱ्यायले विचार’ असे म्हणत.

मग मी प्रार्थनेच्या आधी काय काय करत होता, हे विचारले, आणि त्यावर ते तासभर बोलले. जागा झाडणे, पाणी शिंपणे, सतरंज्या अंथरणे, दिव्याची वात नीट करणे, खंजिरीचे कातडे सैल पडले असेल तर ते तापवून घेणे, सगळे जमल्यावर मागच्या रांगेत जाऊन बसणे. आपण मागे का बसत होता, असे विचारले तेव्हा ते म्हणाले की, उशिरा येणाऱ्याला जागा करून द्यायला मागे कोणीतरी लागतो. ग्रामगीतेतील श्रमाविषयीच्या ओव्या मी अनेकदा ऐकल्या होत्या, परंतु वडिलांनी त्यांचा लावलेला अर्थ मला त्या दिवशी कळला. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, सामान्य माणसाची श्रद्धा त्याच्या मतांमध्ये शोधू नये. त्याने कोणते काम कोणी न सांगता, कोणी पाहत नसताना आणि वर्षानुवर्षे केले, ते विचारावे.

ज्या कामात शरीर गुंतले होते, त्याची आठवण शब्दांपेक्षा पक्की राहते, असेही मला दिसले. गुरुकुंज मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, म्हणजे ४ वाजून ५८ मिनिटांनी, लाखो लोक मौन श्रद्धांजली वाहतात. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्या मौनाविषयी वडिलांना विचारले, तर त्यांना शेजारी कोण उभे होते, पायाखालची जमीन कशी चटके देत होती, लहान पोरे कशी गप्प केली होती, हे सगळे आठवले. मनात काय आले होते ते आठवले नाही, आणि तेवढे पुरेसे होते.

आपल्या मामांविषयी. आमच्याकडेही एका काकांचा असाच विषय होता. मी वडिलांनाच विचारले की हे लिहू का. ते म्हणाले, त्याने काय केले ते लिहू नको, आम्ही काय केले ते लिही. मी तसेच केले. कोणत्या काळात घरातील कोणते भांडे गहाण पडले, आईने कोणाकडून धान्य उसने आणले, वडिलांनी भावाला किती वेळा परत घरात घेतले, हे आले. काकांच्या वर्तनाचे वर्णन आले नाही. काकांच्या मुलांनी ते प्रकरण वाचले आणि त्यांना ते लागले नाही. तरीही शेवटचा अधिकार आईचाच मानावा, भावंडांनी मतदान करून हा प्रश्न सोडवू नये, असे मला वाटते. छापण्याआधी संपूर्ण लेखन त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्या ‘हे काढ’ म्हणाल्या तर कारण न विचारता काढा.

इंदोरा चौक

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु एका बाबतीत मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. दिनक्रमातून श्रद्धा उलगडते, हे खरे. मात्र १९५६ च्या पिढीची श्रद्धा केवळ दिनक्रमात मुरलेली नव्हती, ती उघड्या मैदानावर उच्चारलेली प्रतिज्ञा होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या सकाळी भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांना त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पांढरी वस्त्रे नेसून, गावोगावाहून पायी, बैलगाडीने, रेल्वेने आलेल्या त्या माणसांनी जाणूनबुजून एक जीवन सोडले आणि दुसरे स्वीकारले. त्यामुळे आपल्या आईला ‘काय करत होता’ यासोबत ‘काय करणे सोडले’ हेही विचारा. घरातील देव कोणी उचलले आणि ते कोठे नेले? त्या वेळी आजी काही बोलली का? कोणते सण थांबले, पहिल्या वर्षी त्या दिवशी घरात काय शिजले? लग्नाचा विधी बदलला तेव्हा नातेवाइकांपैकी कोण रुसले? आई चौदा वर्षांची होती, म्हणजे हे सारे तिने समजत्या वयात पाहिले आहे. अशा प्रश्नांना ती नक्की बोलेल.

आई आणि मावशी यांच्यातील मतभेदाविषयी सांगायचे तर, दोघीही बरोबर असू शकतात. १५ ऑक्टोबरला त्याच मैदानावर बाबासाहेबांचे प्रदीर्घ भाषण झाले आणि त्यासाठीही प्रचंड समुदाय जमला होता. आपले कुटुंब दोन्ही दिवस गेले असेल आणि एकीच्या मनात पहिला दिवस ठसला असेल, दुसरीच्या मनात दुसरा. मावशींना भाषण आठवते की प्रतिज्ञा म्हणणे आठवते, एवढे विचारले तरी उलगडा होण्याचा संभव आहे. लोक उभे होते की बसलेले, हाही उपयोगी प्रश्न आहे.

आजीविषयी एक सुचवतो. आपल्या आईच्या जन्माच्या वर्षीच, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद भरली होती आणि बाबासाहेबांनी तेथे स्त्रियांपुढे भाषण केले होते. हजारो स्त्रिया आल्या होत्या. इंदोऱ्यातील एखाद्या घरातून कोणी गेले असण्याची शक्यता मोठी आहे. आजी त्या परिषदेविषयी काही सांगत होती का, हे आईला आणि मावशीला विचारा. मुलींनी शिकावे, हे त्या काळात आपल्या वस्त्यांमध्ये बोलले जात होते. जाईबाई चौधरी यांच्यासारख्या, स्वतः ओझी वाहून पोट भरलेल्या स्त्रीने मुलींसाठी शाळा काढली होती. आपली आई परिचारिका झाली, त्यामागे हा सारा काळ उभा आहे, आणि तो एखाद्या परिच्छेदात तरी आला पाहिजे.

कागदपत्रांसंबंधी थोडे. जन्मनोंदीसाठी तहसील कार्यालयातून कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मिळते का ते पाहा. विदर्भातील कित्येक कुटुंबांचे जुने पुरावे तेथेच सापडतात. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै ही जन्मतारीख असेल, तर ती गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असण्याची शक्यता धरावी. राज्याच्या नावाने गोंधळून जाऊ नका. आईच्या जन्माच्या वेळी नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते, १९५० नंतर ते मध्य प्रदेशात होते, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे धम्मदीक्षा झाली त्या दिवशी नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होते. दाखल्यावर छापलेल्या राज्याच्या नावावरून कागद कोणत्या काळातला आहे, याचा अंदाज येतो. आईची सेवापुस्तिका आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीचे कागद असतील, तर तेही जपून काढा.

महालातील मास्तर

मी मराठीचा निवृत्त शिक्षक आहे. ज्या प्रश्नावर आपण सारे बोलत आहोत, तो आपल्याच प्रदेशात तेराव्या शतकात कोणाला तरी पडला होता, याची आठवण करून देतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून स्वामींच्या आठवणी मिळवल्या आणि नंतर ज्या ज्या व्यक्तींचा स्वामींशी संबंध आला होता, त्यांच्याकडे स्वतः जाऊन त्यांचे कथन नोंदवून घेतले. त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. त्यात केवळ उपदेश नाही. स्वामी कोठे उतरले, कोणी काय वाढले, कोणत्या बाईने कोणता प्रश्न विचारला, वाटेत काय घडले, असे बारीकसारीक सर्व काही आहे. मराठी गद्याचा आरंभच अशा प्रकारे सामान्य माणसांच्या आठवणी गोळा करण्यातून झाला, याचा आपल्याला अभिमान असावा. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला, तर दोन्ही पाठ टिकवण्याची रीतही त्या परंपरेत आहे. आपणही तेच करा. आईचे कथन लिहा, त्याखाली मावशींचे लिहा, आणि कोण म्हणते ते स्पष्ट नोंदवा. न्यायनिवाडा करण्याची गरज नाही.

सालांविषयी एक सूचना. वृद्ध माणसाला ‘हे कोणत्या साली घडले’ असे विचारू नये. पोळ्याच्या आधी की नंतर, मारबतीची मिरवणूक निघाली होती का, मिल सुरू होती की बंद, धाकटा चालू लागला होता का, असे विचारले की साल आपोआप हाती येते.

शुक्रवारी तलाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिचारिकाताईंनी सुचवलेला रातपाळीचा प्रश्न मी आईला विचारला आणि ती इतकी बोलली की लिहिताना माझा हात दुखला. ज्या खालाच्या शिरनीचा मी उल्लेख केला होता, तिच्याच घरी आम्ही त्या रात्री झोपत होतो. मी फार लहान असल्याने मला ते आठवत नव्हते. खालाचे यजमानही मिलमध्येच होते, त्यामुळे कोणाची पाळी कधी आहे हे तिला सांगावे लागत नसे. ती संध्याकाळी येऊन आमची अंथरुणे स्वतःच घेऊन जाई. आईने खालाच्या तिन्ही मुलींची बाळंतपणे केली. ‘पैशाची गोष्टच कधी निघाली नाही, ना तिच्या तोंडून, ना माह्या,’ असे आई म्हणाली. मग मी शिरनीचे विचारले. त्यावर तिचे उत्तर असे होते : ‘माह्या घरात काय करायचं ते मी बाबासाहेबाले सांगून आली. पण खालानं माह्या लेकरायले पोटाशी धरून निजवलं, तिच्या हातचं मी कायले नाकारू?’ हळदकुंकवाविषयीही ती बोलली. पाचवीची पूजा झाली नाही तर ती बाळंतीण रात्रभर घाबरून जागत असे, आणि घाबरलेल्या बाईला दूध येत नाही, एवढेच तिने सांगितले.

इंदोरा चौक यांनी सांगितल्याप्रमाणे घरातील देवांविषयीही विचारले. ते आजीने स्वतः उचलले होते, हे मला आज प्रथमच कळले. त्याविषयी आई अजून सांगते आहे. मामांविषयी तिने ‘मी सांगीन तेवढंच लिही’ असे सांगितले आहे, आणि भावंडांनी ते मान्य केले आहे. आता एकच शंका उरली आहे. आईचे बोलणे जसेच्या तसे ठेवावे की प्रमाण मराठीत लिहावे?

महालातील मास्तर

आईंचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवा आणि आपले निवेदन प्रमाण मराठीत करा. दवाखान्यातील आणि मिलमधील कामाचा जो शब्द नातवंडांना कळणार नाही, त्याचे स्पष्टीकरण पहिल्यांदा येईल तेथेच एका वाक्यात द्या. प्रत्येक बैठकीची तारीख आणि तेथे कोण हजर होते, हे पानाच्या डोक्यावर लिहा. प्रत छापताना प्रत्येक प्रकरणानंतर दोन-तीन पाने कोरी ठेवावीत, कारण मावशी, खालाच्या मुली आणि आईंच्या जुन्या सहकारी परिचारिका ते वाचतील तेव्हा त्यांना आठवेल ते त्या तेथेच लिहू शकतील.